मी न वाचलेल्या एका शिफारसपत्राबद्दल

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

अमेरिकेतील विद्यापीठांत इतिहासाच्या पीएचडीसाठी केलेल्या माझ्या अर्जांचे सगळे निकाल आता हाती आले आहेत आणि ते तुम्हाला वेळोवेळी कळवलेही आहेत. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते सर्वांना वाचता येईल असे ठेवते आहे, कारण मानव्यविद्यांमधल्या प्रवेशाची वाट पाहणारे माझ्यासारखे बरेच जण असतात आणि शिफारसपत्र लिहिणारा शिक्षक त्या काळात विद्यार्थ्यासाठी काय काय करू शकतो, हे त्यांनाही कळावे असे मला वाटते. तुमच्या इच्छेप्रमाणे तुमचे नाव कुठेही घातलेले नाही.

पहिले आभार अशा मजकुराबद्दल, जो मी वाचलेला नाही आणि कधी वाचणारही नाही. अमेरिकेत 1974 च्या ‘फर्पा’ या कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क दिलेला आहे; पण अर्ज भरताना शिफारसपत्रांपुरता तो हक्क सोडून देण्याची सोय असते आणि बहुतेक अर्जदार तो सोडतात, कारण विद्यार्थ्याच्या नजरेखालून जाणारे पत्र निवड समितीला तितकेसे मोकळे वाटत नाही. मीही तो सोडला. त्यामुळे तुम्ही माझ्याविषयी काय लिहिलेत ते मला ठाऊक नाही. ते लिहिण्याआधी तुम्ही माझ्याकडून काय काय मागवून घेतलेत, ते मात्र पक्के लक्षात आहे. एम.ए.च्या वर्गात लिहिलेला निबंध, तोही तुमच्याच जुन्या शेऱ्यांसकट. लघुप्रबंधाचे एक प्रकरण. एसओपीचा, म्हणजे काय आणि का शिकायचे आहे ते सांगणाऱ्या निवेदनाचा, कच्चा मसुदा. आणि विद्यापीठांची यादी, जिच्यात प्रत्येक नावापुढे अंतिम तारीख आणि तिथल्या कोणत्या प्राध्यापकांबरोबर काम करायचे आहे ते लिहिलेले हवे होते. “हुशार आहे, कष्टाळू आहे, हे प्रत्येकच पत्रात असतं. तू एखादा कागद कसा वाचतेस, ते मला सांगता आलं पाहिजे,” असे तुम्ही म्हणाला होतात. प्रत्येक विद्यापीठाकडून तुमच्या ईमेलवर वेगळा दुवा येत होता आणि प्रत्येकाची प्रश्नावलीही वेगळी होती. यातल्या बऱ्याचशा मुदती डिसेंबरात एकमेकींना खेटून येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत तुमच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. तरीही एकाही ठिकाणच्या पत्रासाठी मला आठवण करून द्यावी लागली नाही. शिक्षकाच्या कामाच्या तासांत ही पत्रे कुठेच धरली जात नाहीत, आणि ही मला मोठ्या अन्यायाची गोष्ट वाटते.

एसओपीच्या पहिल्या मसुद्यावरचे तुमचे पेन्सिलचे शेरे मी जपून ठेवले आहेत. ‘मला लहानपणापासून भूतकाळाचे आकर्षण आहे’ या माझ्या पहिल्याच वाक्यावर तुम्ही आडवी रेघ मारली होती. पुढे एके ठिकाणी ‘न्यायनिवाड्याच्या जुन्या कागदांतून सामान्य स्त्रियांचा आवाज ऐकू येतो’ असे मी लिहिले होते. त्यासमोर समासात बारीक अक्षरात प्रश्न होता, ‘लिहून घेणारा कारकून कोण?’ त्या प्रश्नापाशी मी बरेच दिवस थांबले, आणि माझा सगळा अर्ज पुढे त्याच्याभोवती उभा राहिला: कारकुनाने आपल्या शब्दांत उतरवून घेतलेल्या जबानीत त्या बाईचे म्हणणे किती उरते, आणि जे गळाले ते ओळखायचे कसे. अर्जासोबत जोडायचा रायटिंग सॅम्पल, म्हणजे स्वतःच्या अभ्यासलेखनाचा नमुना, तोही मी त्याच प्रश्नावर नव्याने लिहिला. मानव्यविद्यांच्या बऱ्याच विभागांनी जीआरई या प्रवेशपरीक्षेची अट आता काढून टाकली आहे. त्यामुळे समितीपुढे अर्जदार म्हणून जे जाते ते मुख्यतः एवढेच असते: त्याचे लेखन, गुणपत्रिका आणि बहुधा तीन शिक्षकांची पत्रे.

अर्ज गेले आणि वाट पाहणे सुरू झाले. तुमचे सर्वांत मोठे ऋण या काळातले आहे. बहुतेक मुदती डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत संपतात आणि उत्तरे जानेवारीच्या अखेरीपासून मार्च संपेपर्यंत केव्हाही येऊ शकतात. मधल्या काळात अर्जदाराच्या हातात काहीच नसते. पोर्टल उघडावे तर अर्ज विचाराधीन असल्याची तीच ओळ समोर येते, आणि त्या न बदलणाऱ्या ओळीतून मनुष्य आपल्या लायकीबद्दल नाही नाही ते अर्थ काढू लागतो. घरच्यांनी आणि मित्रमैत्रिणींनी ‘सगळं चांगलं होईल’ असा धीर दिला, त्यांच्या मायेबद्दल मी कृतज्ञ आहे. तुम्ही तसे एकदाही म्हणाला नाहीत. तुम्ही स्वतः तिकडे शिकवत असताना अशा समितीवर काम केले होते, आणि त्या बंद दाराआड काय चाललेले असते ते तुम्ही मला समोर बसवून एकेक पायरीने समजावून सांगितलेत.

समितीत विभागातलेच मोजके प्राध्यापक असतात, आपापले वर्ग सांभाळून ते काहीशे अर्ज वाचतात, आणि जागा पुष्कळ ठिकाणी दहाच्या आतबाहेर असतात. पहिल्या वाचनात बरेच अर्ज बाजूला पडतात; पण त्यानंतर जे उरतात ते जवळजवळ सगळेच घेण्याजोगे असतात आणि तरीही त्यांतल्या बहुतेकांना नाही म्हणावे लागते. तिथून पुढची निवड ज्या गोष्टींवर ठरते त्या अर्जदाराला बाहेरून दिसत नाहीत. दक्षिण आशियाच्या प्राध्यापकांकडे आधीच किती विद्यार्थी आहेत, त्या पुढच्या वर्षी अभ्यासरजेवर जाणार आहेत का, कोणी निवृत्त होत आहे का, गेल्या वर्षी मध्ययुगाला एकही जागा मिळाली नव्हती म्हणून यंदा द्यायची का, अशा प्रश्नांवर तिथे तासन्‌तास चर्चा होते. विभागाने नावे ठरवली तरी ती वरच्या कार्यालयाच्या मंजुरीला जातात, म्हणून कधी कधी एखाद्या प्राध्यापकाचा ईमेल आधी येतो आणि अधिकृत पत्र मागाहून. सर्वसाधारणपणे आधी होकार जातात, प्रतीक्षायादीतल्यांना पुष्कळदा लगेच काहीच कळवले जात नाही, आणि नकार शेवटी एकगठ्ठा निघतात. प्रतीक्षायादीत असल्याचे त्या त्या अर्जदाराला एका ओळीने लगेच कळवणे विद्यापीठांना मुळीच अवघड नाही, आणि ती ओळ न पाठवण्याचे समर्थन मला अजूनही सापडलेले नाही.

मानव्यविद्यांमध्ये जागा इतक्या कमी का, हेही तुम्हीच सांगितलेत. विज्ञान शाखांत पीएचडीच्या विद्यार्थ्याचा खर्च पुष्कळदा प्राध्यापकाला मिळालेल्या संशोधन अनुदानातून भागतो. आपल्या मानव्यविद्यांना तसा आधार क्वचितच असतो. शुल्कमाफी, विद्यावेतन, आरोग्यविमा हा सगळा भार मुख्यतः विद्यापीठाच्या स्वतःच्या तिजोरीवर पडतो, आणि त्या बदल्यात विद्यार्थी काही वर्षे अध्यापन साहाय्यक म्हणून काम करतो. या शाखांत पीएचडी पुरी व्हायला साधारण सात वर्षे लागतात, त्यामुळे एक होकार देणे म्हणजे बहुधा पाच किंवा त्याहून अधिक वर्षांच्या खर्चाची हमी देणे असते. विद्यापीठाला काटकसर करायची वेळ आली की हात पहिल्यांदा इथेच जातो. कोविडच्या काळात, 2020 साली, आधीपासून असलेल्या विद्यार्थ्यांना पुरते सांभाळता यावे म्हणून अमेरिकेतील अनेक विभागांनी पुढच्या वर्षाचे प्रवेश बंद ठेवले होते. 2024 च्या नोव्हेंबरात बॉस्टन विद्यापीठाने 2025-26 साठी मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतल्या डझनभर पीएचडी अभ्यासक्रमांचे प्रवेश थांबवल्याची बातमी आली, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये शिकागो विद्यापीठाने 2026-27 साठी मानव्यविद्यांतल्या अनेक अभ्यासक्रमांबाबत तसाच निर्णय घेतला. हे सगळे कळल्यावर मला भीती वाटायला हवी होती, पण झाले उलटेच. ज्या निर्णयात इतक्या गोष्टी मिसळलेल्या आहेत तो माझ्या बुद्धीवरचा शेरा म्हणून वाचता येत नाही, हे मला पटले, आणि ते पटवायला धीराच्या शब्दांपेक्षा ही माहितीच उपयोगी पडली.

तुम्ही खोटी आशाही दाखवली नाहीत. एका विद्यापीठातून दुसऱ्या कोणाला होकार गेल्याचे कळले आणि माझे पोर्टल तसेच राहिले, तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, “पहिल्या यादीत तू नाहीस, एवढं धरून चाल. पण नकार कळवीपर्यंत नकार धरू नकोस.” त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत कसे राहायचे, हे मला त्या हिवाळ्यात शिकावे लागले. दर आठवड्याला तुम्ही विचारायचात ते निकालाबद्दल नव्हे, तर निबंधाबद्दल. रायटिंग सॅम्पल म्हणून पाठवलेला मजकूर नियतकालिकासाठी वाढवायला तुम्हीच बसवलेत. जबान्यांचा आणखी एक संच वाचायला लावलात, आणि कारकुनाचे हस्ताक्षर बदलते तिथे जबानीची भाषाही बदलते का, हे तपासायला सांगितलेत. फेब्रुवारीत नकार येऊ लागले तेव्हा माझ्यापुढे रोजचे काम होते, आणि त्या कामाचा प्रवेशाशी काही संबंध उरलेला नव्हता.

मुलाखतीची तयारी तुम्ही करून घेतलीत, तिच्याबद्दल वेगळे लिहीत नाही. तीही तुमच्याच शिकवण्याची पद्धत होती.

मार्चमध्ये दोन होकार आले आणि एका विद्यापीठाने प्रतीक्षायादीत ठेवल्याचे कळवले. आणखी एका ठिकाणी पीएचडीला नकार देऊन त्याऐवजी पूर्ण शुल्क भरून एम.ए. करण्याचा प्रस्ताव आला. गोड शब्दांतल्या त्या पत्राने घरात बराच आनंद झाला होता. तुम्ही त्यातल्या खर्चाची बेरीज माझ्याकडूनच करून घेतलीत, आणि या विषयांत कर्ज काढून पदवी घेतल्यावर ते फेडायला पुढे कसली नोकरी मिळू शकते, हे स्पष्ट सांगितलेत. तो प्रस्ताव मी नाकारला. तुमच्याइतके स्पष्ट बोलणारे माणूस जवळ नसलेल्या अर्जदारांची मला फार काळजी वाटते.

दोन होकारांबाबत मात्र तुम्ही जे सांगितलेत, ते मला कोणीच सांगितले नसते. अमेरिकेत कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संस्थेचा एक ठराव आहे. त्यावर सही केलेली विद्यापीठे आर्थिक साहाय्यासह दिलेल्या होकाराचे उत्तर विद्यार्थ्याकडून 15 एप्रिलपूर्वी सक्तीने मागू शकत नाहीत. ही मुदत विद्यार्थ्याच्या रक्षणासाठी आहे, आणि ती पुरेपूर वापरण्याचा माझा विचार होता. तुम्ही विचारलेत, “दोन्हींपैकी एकीकडे तू जाणार नाहीस हे नक्की आहे का?” मी हो म्हटले. तेव्हा तुम्ही म्हणालात की मग त्यांना आजच कळव, कारण तिथल्या प्रतीक्षायादीत कोणीतरी अगदी तुझ्यासारखेच बसलेले आहे. तू आज नाही म्हणालीस तर त्याला निर्णय घ्यायला आठवडे मिळतील, 15 एप्रिलला म्हणालीस तर कदाचित काही तास. परदेशी विद्यार्थी असेल तर आय-20 (व्हिसासाठी विद्यापीठाकडून मिळणारा प्रवेशाचा दाखला) आणि व्हिसा यांची धावपळ त्यापुढे आहेच. मी त्याच संध्याकाळी नकार कळवला. वाट पाहणारा अर्जदार दुसऱ्या कोणाच्या तरी वाट पाहण्याचे कारणही असतो, हे तोवर माझ्या मनात आले नव्हते. मी ज्या यादीत होते तिथे अखेर जागा निघाली नाही, आणि पाच वर्षांच्या साहाय्याची हमी देणारा दुसरा होकार मी मुदतीच्या आत स्वीकारला.

यंदा तुम्ही आणखीही विद्यार्थ्यांसाठी पत्रे लिहिलीत, आणि त्यांतल्या एकीला कुठूनही होकार आला नाही. तिच्यासाठीही तुम्ही तितकीच रात्र जागलात, आणि आता तिचा निबंध पुन्हा मागवून घेतला आहे, असे ती मला म्हणाली. मला प्रवेश मिळाला म्हणून हे आभार आहेत असे तिला वाटू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. नकारच आले असते तरी हे पत्र मी लिहिलेच असते.

पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्यांसाठी तुम्ही मागितलेला तक्ता पूर्ण केला आहे: कोणत्या विभागाने काय मागितले, उत्तर कधी आले, आधी कोणी कळवले, प्रतीक्षायादीबद्दल विचारल्यावर कोणाकडून नीट उत्तर मिळाले. निबंधाची सुधारित प्रतही तयार आहे. दोन्ही घेऊन या रविवारी सकाळी येते. तुम्हाला सोयीचे नसेल तर कळवा.

आपली विद्यार्थिनी