तापमानाचे किट ७२ अंशांवर अडकते : सदोष रचनेबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या कंपनीचे तापमान मोजण्याचे तीन किट मी विद्यार्थ्यांच्या प्रयोगांसाठी घेतले. खोक्यावर '० ते १०० अंश सेल्सिअस' असे ठळक छापले आहे. प्रत्यक्षात तिन्ही किट ७२ च्या आसपास थांबतात. पाणी खळखळ उकळत होते, शेजारचा थर्मामीटर ९८ दाखवत होता, आणि स्क्रीनवरचा आकडा काही हलेना. एका मुलीने वहीत लिहिलेले ७२ खोडले आणि विचारले, "बाई, माझं काही चुकलं का?"

तुमच्या तंत्रज्ञांनी फोनवरच सेन्सर खराब ठरवला आणि नवा पाठवला. त्यानेही तेच. मग मी मल्टिमीटर लावला. उकळत्या पाण्यात एलएम ३५ सेन्सर ०.९८ व्होल्ट देत होता. अंशाला १० मिलिव्होल्ट या हिशेबाने अगदी बरोबर. पुढे एलएम ३५८ हा ऑप-अँप, म्हणजे व्होल्टेज वाढवणारी चिप, त्याचे पाचपट करतो, म्हणजे ४.९ व्होल्ट यायला हवेत. त्याच्या १ नंबरच्या म्हणजे आउटपुटच्या पिनवर मिळाले ३.६. पाचने भागले की ०.७२ व्होल्ट, म्हणजे स्क्रीनवरचे तेच ७२ अंश.

तुम्ही या चिपला सप्लाय दिला आहे ५ व्होल्टचा. कोणताही ऑप-अँप सप्लायच्या बाहेर जाऊ शकत नाही, आणि एलएम ३५८ चे आउटपुट तर वरच्या बाजूला साधारण दीड व्होल्ट अलीकडेच अडते. डेटाशीटमध्ये हे दिलेले आहे. गेन, म्हणजे किती पट करायचे तो आकडा, कितीही वाढवला तरी आउटपुट याच्या वर जाणार नाही. खात्री करायची म्हणून आकडा दाखवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरकडे जाणारी वायर काढून ऑप-अँपला वेगळे ९ व्होल्ट दिले, तर त्याच पिनवर लगेच ४.९ आले. सेन्सर चांगला आहे, चिपही चांगली आहे. चूक तुमच्या डिझाइनची आहे.

यावर दोन उपाय आहेत. एमसीपी ६००२ ही रेल-टू-रेल चिप पाठवा. ती त्याच आठ पिनांच्या सॉकेटमध्ये बसते, ५ व्होल्टवर चालते आणि तिचे आउटपुट सप्लायच्या अगदी जवळ पोहोचते. नाहीतर गेन तिप्पट ठेवणारे रेझिस्टर आणि त्यानुसार बदललेला प्रोग्राम द्या; मग १०० अंशांना ३ व्होल्टच लागतील आणि आहे ती चिप पुरेल. मला दुसरा उपाय जास्त पटतो, कारण त्यात वर थोडी जागाही उरते.

पंधरा दिवसांत तिन्ही किटांसाठी यांपैकी एक सोय करावी, अन्यथा पूर्ण पैसे परत करावेत. हे किट आधी घेतलेल्या ग्राहकांनाही ही अडचण कळवावी. त्यांच्याकडेही कोणीतरी बरोबर टिपलेले आकडे खोडत बसले असेल.

आपली,
एक ग्राहक शिक्षिका