गुडघ्याबद्दल लिहायचं नव्हतं

सांगली, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

गुडघ्याचं नाव काढायचं नाही, असं आईला कबूल करून बसलोय. परवा फोनवर 'शिकायला गेलीस की उड्या मारायला' म्हणालो, ते विसर. तुझ्या खोलीला जिना आहे का गं? ते राहिलंच विचारायचं.

थॉम्पसन-बोलिंग अरीनातला तुझा तो केशरी टी-शर्टातला फोटो आला, तेव्हापासून तुमच्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाबद्दल, त्या लेडी व्हॉल्सबद्दल, मिळेल ते वाचतो. बापूकाका चेष्टा करतो, करू दे. ती पॅट समिट १९७४ साली टेनेसीची मुख्य प्रशिक्षक झाली तेव्हा २२ वर्षांची, तुझ्याहून दोन वर्षांनी लहान. पगार महिना २५० डॉलर. पोरींचे गणवेश हीच धुणार, गाडीही हीच हाकणार. पहिला सामना मर्सरशी, ८४-८३, एका गुणाने हरली. पुढे ३८ हंगामांत १०९८ विजय आणि आठ अजिंक्यपदं. १९९७-९८ला तर ३९ पैकी ३९!

आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिचाही गुडघा गेला होता. तुझाच तो लिगामेंट. तरी १९७६ला मॉन्ट्रिआलच्या ऑलिम्पिकमध्ये खेळून रौप्यपदक आणलं. म्हणजे होतो बरा. पण तिने व्यायाम चुकवला नसणार. तू चुकवशील, मला माहीत आहे. तिच्या खेळाडूंना वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसावं लागे, तास बुडवला की खेळ बंद. तू कितव्या रांगेत... जाऊ दे. मास्तरकी सुटत नाही. माफ कर.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. क्लार्क्सव्हिलच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून तिच्या आईवडिलांनी बिऱ्हाड हलवलं. शेतकरी माणसं! तुझ्याही शाळेत नव्हता, आणि मी तुला कथ्थकला घातलं. तू तिकडून पळून मागच्या मैदानावर पोरांत खेळायचीस. एकदा गुडघा सोलून आलीस, माईने हळद दाबली, तू रडली नाहीस. उलट घुंगरू माझ्या टेबलावर ठेवलेस. बोलली काहीच नाहीस. ते अजून माळ्यावर आहेत.

२०११मध्ये त्या बाईला विसरण्याचा आजार निघाला, ५९व्या वर्षी. तशातही एक हंगाम उभी राहिली. तिथपर्यंत वाचलं आणि मोबाईल पालथा ठेवला. माईचं शेवटचं वर्ष तुलाही आठवत असेलच.

आईला तू फक्त 'लचकलाय' म्हणालीस. तिने दोन दिवसांत ओळखलं. असं नको करूस. खेळू नको म्हणत नाही मी. संघातली नाहीस, रविवारची हौस आहे, तरी खेळ. तुझा तो व्हिडिओ दादाने दाखवला, लांबून टाकलास तो. मी शेजारच्या जोशांनाही दाखवला. दोनदा.

ऑपरेशनच्या दिवशी मैत्रीण थांबणार म्हणालीस. रात्रीही थांबेल का? तिचा नंबर आईला पाठव. आणि जिन्याचं कळव.

तुझा,
बाबा