फाइल डिलीट करू नकोस

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा "कादंबरीची फाइलच डिलीट करून टाकते, आई," असं म्हणून तू फोन ठेवलास. बाबा म्हणाले, तिच्या लिहिण्यात पडू नकोस. पडत नाही. एवढंच सांग, रात्री झोपतेस ना?

कादंबरी सध्या बाजूला ठेव म्हटलं, ते ती वाईट आहे म्हणून नव्हे. दोघी जावा दिवसभर एका घरात एकमेकींशी न बोलता वावरतात, ते प्रकरण वाचून मला रडू आलं. हे आपल्या मुलीनं लिहिलंय असं आत्याला सांगताना माझा आवाज चढला होता. पण कधीची तू पहिलीच प्रकरणं घासत बसली आहेस. पुढची पात्रं आपण सांगू तेवढंच करतात, हे तुझंच म्हणणं. कादंबरी अवघड असायचीच, तेवढ्यानं कुणी थांबू नये. पण पुढं काय होणार याची उत्सुकता लिहिणारीलाच उरली नसेल तर थांबावं. जागून ती येत नाही गं.

टॉलस्टॉयनं रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट याच्यावरच्या कादंबरीसाठी केवढा अभ्यास केला, कितीदा सुरुवात केली, आणि ती सोडून १८७३ मध्ये 'अ‍ॅना कॅरेनिना' लिहायला घेतली. पीटर राहिला तो राहिलाच. मार्क ट्वेननं 'हकलबरी फिन' १८७६ मध्ये सुरू केली, अडल्यावर ठेवून दिली, मधे दुसरी पुस्तकं लिहिली, आणि १८८४ मध्ये ती छापून आली. कोणती परत हाती येईल हे ठेवताना कळत नाही, म्हणून पुसायचं काहीच नाही. कुठं अडलं, पुढं काय घडावंसं वाटत होतं, ते एका पानावर लिहून ठेव. मग काही महिने फाइल उघडूच नकोस. उघडशील तेव्हा दुसऱ्या कुणाची असल्यासारखी वाच.

बघ, शिकवायला लागले. रागावू नकोस. गोष्ट सांगता सांगता माझा डोळा लागला की तू हनुवटी हलवून "मग?" विचारायचीस. मी नाहीच उठले तर पुढचं स्वतः रचून दादाला ऐकवायचीस, मेलेला राक्षससुद्धा जिवंत करायचीस. दादा घाबरून माझ्या कुशीत शिरायचा आणि तू खूश! अशी मुलगी गोष्टीवाचून राहील असं मला कधी वाटत नाही. ही नाही तर दुसरी लिहिशील.

मला धास्ती वेगळीच आहे. ही थांबली की तू स्वतःला हरलेली समजशील, आणि त्या वर्षासारखं जेवण, झोप, बोलणं सगळं बंद करशील. तेव्हा काकू होती. आता तिथं कोण आहे?

ठेवायची की नाही ते तूच ठरव, पण रात्री ठरवू नकोस. पुरती झोप झाल्यावर, सकाळी. आणि एक प्रत दादाकडे आजच पाठव. तो काही विचारणार नाही, मी सांगून ठेवलंय.

तुझी,
आई