घशाच्या स्वॅबचं किट प्राथमिक आरोग्य केंद्रात हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळी हवा पडली की आमच्या पेठेतल्या मेडिकलमध्ये 'घसा धरलाय' म्हणायचा अवकाश, ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्यांची पट्टी हातात पडते. घसादुखी बहुतेकदा विषाणूंची असते, तिथे या गोळ्या निरुपयोगी. घसा दुखणाऱ्या शाळकरी मुलांत मात्र साधारण चारात एकाला स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू निघतो आणि त्याला दहा दिवस पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन लागतं.

माझी सगळी नोकरी मायक्रोबायोलॉजीच्या टेबलाशी गेली. कल्चर म्हणजे रक्त घातलेल्या अगरच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर स्वॅब ओढायचा, रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवायची, सकाळी उजेडासमोर धरून जिवाणूंच्या ठिपक्यांभोवती (कॉलनीभोवती) पारदर्शक कडं दिसतंय का बघायचं, मग जिवाणू तोच का हे ठरवायला बॅसिट्रॅसिन या औषधाची चकती. रिपोर्ट हातात पडेपर्यंत दोन दिवस. तोवर पेशंटच्या गोळ्या संपत आलेल्या. मग डॉक्टर स्वॅब पाठवायचेच कशाला?

घशाच्या किटमधल्या रॅपिड टेस्टची रेघ मात्र पाच-दहा मिनिटांत उमटते. कोविडमध्ये अशी पट्टी सगळ्यांनी पाहिली आहे. रेघ आली तर जवळजवळ खात्रीच. नाही आली तर मुलांच्या बाबतीत कल्चर करावं, कारण स्ट्रेप्टोकोकसची शंभरातली दहा-पंधरा दुखणी ही टेस्ट हुकवते. तेही स्वॅब नीट घेतला तर! दोन्ही टॉन्सिल आणि घशाची मागची भिंत घासावी लागते. मूल उमासे काढतं, आई 'राहू द्या हो' म्हणते आणि स्वॅब जिभेला लागून परत येतो. त्यावर 'निगेटिव्ह' लिहिणं म्हणजे कागद वाया घालवणं.

सरसकट तपासणी नकोच. नाक गळतंय, खोकला आहे, त्याला घरी पाठवा. ताप आहे, खोकला नाही, गळ्याला दुखऱ्या गाठी आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, त्या मुलाची करा. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांत पेनिसिलिन सुरू झालं तरी स्ट्रेप्टोकोकसच्या मागून येणारा ऱ्हुमॅटिक ताप टाळता येतो. तो एकदा हृदयाच्या झडपांवर उतरला की दर तीन आठवड्यांनी कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांतून अशी झडप बिघडलेली मुलं शोधतात, ते चांगलंच. पण मलेरियाचं रॅपिड किट खेड्यापाड्यांत आशाताईंपर्यंत पोहोचवता आलं, तर घशाचं किट निदान प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवायला काय हरकत आहे? जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने पुढच्या खरेदीच्या यादीत ते घ्यावं आणि स्वॅब कसा घ्यायचा हे तिथल्या सिस्टरना एक दिवस प्रत्यक्ष करून दाखवावं.

— एक निवृत्त लॅब टेक्निशियन, कराड