मॅडम, तुम्ही आम्हाला थांबायला शिकवलं

प्रिय मॅडम,

त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या पोराला वाचायला शिकवलं म्हणून मी तुम्हाला थँक्यू लिहिलं, तुम्ही हात जोडलेला इमोजी टाकला आणि लगेच खाली विचारलं, शनिवारचा होमवर्क झाला का. विषय तिथंच संपला. पण माझं मन काही भरलं नाही. म्हणून आज हे मोठ्ठं पत्र, आणि तेही सगळ्यांना दिसेल असं, कारण आपल्या नागपुरात अजून कितीतरी घरांत संध्याकाळी सात वाजता तेच रडणं चालू असेल जे दोन वर्षांआधी आमच्या नंदनवनच्या घरात रोज चालायचं, पुस्तक उघडलं की पोराचं पोट दुखायचं आणि माझं डोकं.

तुम्हाला सगळं माहीतच आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. आमचं पोरगं तेव्हा तिसरीत. बोलायला एकदम चलाख, एकदा ऐकलेली गोष्ट आठ दिवसांनी जशीच्या तशी सांगेल, सायकलची चेन उतरली तर बाबाच्या आधी हा बसवेल, पण वाचायला बसवलं की 'मगर'ची 'भगर' व्हायची, 'घर'चं 'धर' व्हायचं, आणि पहिल्या ओळीत वाचलेला शब्द तिसऱ्या ओळीत परत आला की तो जणू आयुष्यात पहिल्यांदाच पाहून राहिला. 'किती' लिहायला सांगितलं तर वेलांटी कुठं द्यायची तेच कळायचं नाही. सत्तावन्न म्हटलं की ७५ लिहायचा.

मग सुरू झालं कोणाचं चुकलं ते शोधणं. शाळेतून वहीत शेरा, लक्ष नाही, घरी अभ्यास घ्या. आमचे हे म्हणाले मोबाईलमुळे. सासूबाईंनी दृष्ट काढली. मी म्हटलं आळस आहे, दुसरं काही नाही. एकानं स्मरणशक्तीची पावडर आणायला सांगितली, तीही तीन महिने दुधातून दिली. डोळे तपासले, कान तपासले, दोन्ही चांगले. आणि एक दिवस एकच ओळ सहाव्यांदा चुकली तेव्हा मी त्याच्या हातावर पट्टी मारली. तो रडला नाही, नुसता दुसरा हात पुढं केला. ते मी अजून विसरले नाही मॅडम, आणि विसरणारही नाही.

वाचताना अडणाऱ्या मुलांसाठीच्या तुमच्या सेंटरमध्ये आलो ते कोणीतरी सांगितलं म्हणून, फार आशा ठेवून नाही आलो. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खाली चपलांचा ढीग, आतून कोणीतरी टाळ्या वाजवत 'बा-भू-ळ' म्हणत होतं. मी पिशवीतून त्याच्या वह्या काढायला लागले तर तुम्ही म्हणालात, "राहू द्या, वह्या नंतर." आणि त्याला विचारलं, तुला काय आवडतं रे. पोट्टा जो सुरू झाला, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल कसे रंगवतात, चितारओळीत मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी काढताना तो काका श्वास कसा धरतो, वीस मिनिटं बोलत होता आणि तुम्ही वीस मिनिटं ऐकत होत्या. घराबाहेरच्या कोण्या मोठ्या माणसानं त्याचं इतकं ऐकलेलं मी तरी पहिल्यांदा पाहिलं.

नंतर तुमच्याकडच्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी दोन-तीन बैठकांमध्ये टेस्ट घेतल्या. आमचे आबाजी, म्हणजे माझे सासरे, जिल्हा परिषदेच्या शाळेत उभं आयुष्य मास्तर, त्यांचा या असल्या टेस्टवर काडीचा विश्वास नव्हता, हे सगळं विदेशी खूळ आहे म्हणाले. तेव्हा तुम्ही त्यांना सांगितलं की बुद्ध्यांकाची ही जी टेस्ट देशभर वापरतात नं, मिसिक, ती मूळ परदेशी टेस्टवरून भारतीय मुलांसाठी बसवली डॉ. आर्थर मॅलिन यांनी, आणि ते इथलेच, नागपूरचे, १९६९ ची गोष्ट. आबाजी म्हणाले, "आपल्या नागपुरात?" आणि खुर्ची थोडी पुढं ओढून बसले. मला वाटतं त्या दिवशी अर्धं काम तिथंच झालं.

रिपोर्ट आला. बुद्धी चांगली, वयापेक्षा थोडी पुढंच. वाचन-लेखन दोन इयत्ता मागं. डिस्लेक्सिया. तुम्ही साध्या भाषेत सांगितलं की ऐकलेला आवाज आणि डोळ्यांना दिसणारं अक्षर यांची गाठ मेंदूत चटकन बसत नाही, त्याला जास्त मेहनत लागते, हा आजार नाही त्यामुळे याला गोळी नाही न् पावडर नाही, बरेचदा घराण्यातच असतं, आणि नीट पद्धतीनं शिकवलं तर मूल वाचायला शिकतं, फक्त वेळ जास्त लागतो. मी विचारलं, म्हणजे चूक कोणाची? तुम्ही म्हणालात, "कोणाचीच नाही. आता कामाला लागू."

आणि मग तुम्ही आम्हाला पहिला होमवर्क दिला, त्याला नाही, आम्हाला. तो वाचताना अडला की मधे बोलायचं नाही. मनात दहा मोजायचे. शब्द तोंडात आणून द्यायचा नाही, "अरे कालच तर शिकवलं" म्हणायचं नाही, उसासासुद्धा टाकायचा नाही. मला वाटलं हे काय, हे तर सोपं आहे. मॅडम, यापेक्षा कठीण काम मी आजवर केलं नाही. दहा आकडे किती लांब असतात ते तेव्हा कळलं. घरात सगळ्यांना सवय होती एकमेकांचं वाक्य तोडायची, पहिल्या आठवड्यात सासूबाईंना तोंडाला पदर लावून बसावं लागलं. पण साधारण तिसऱ्या आठवड्यात तो 'दप्तर'वर अडला, बोट तिथंच, ओठ हलत होते, मी सातपर्यंत पोचले आणि तो म्हणाला 'दप्-तर'. स्वतः. कोणी सांगितलं नाही. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जसं काही मीच चोरून सांगितलं असेल.

बाकीचं शिकवणं तर मी खिडकीतून पाहायची. थाळीत रांगोळी पसरायची, त्यात बोटानं 'भ' काढायचा, काढताना तोंडानं भ-भ-भ म्हणायचं, म्हणजे हात, कान, डोळा, जीभ सगळे एकाच वेळी त्या अक्षरावर. 'भ' आणि 'म' एका आठवड्यात कधीच नाही, एक पक्का झाला की मगच दुसरा. पहिली वेलांटी लाल पेन्सिलनं, कारण ती लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची अक्षराच्या नंतर. हे मी इतकी वर्षं मराठी लिहून राहिली पण कधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं की लेकराला यात काय अवघड जात असेल. रफार तर त्याहून गमतीचा, 'सूर्य'मधला र बोलायचा आधी आणि बसतो जाऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. आणि ती संत्रा बर्फीच्या डब्याच्या पुठ्ठ्याची खिडकी, ज्यातून एका वेळी एकच ओळ दिसते. ती खिडकी आता मऊ पडली आहे पण तो बदलू देत नाही.

सत्तावन्नचंही तुम्हीच उलगडून सांगितलं. आपण बोलताना सात आधी म्हणतो, लिहिताना पाच आधी, मग जे पोर कानानं चालतं ते ७५च लिहिणार. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'पन्नास सात' असं वाचनही आलं तेव्हा केवढा गोंधळ झाला होता, सगळ्या ग्रुपवर त्याची टिंगल, आणि मीही ते मेसेज पुढं पाठवले होते. आज वाटतं नव्हते पाठवायला पाहिजे. माझ्याच घरात एका पोराला त्याची गरज होती.

पण मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल थँक्यू म्हणायचं आहे ते आबाजींबद्दल आहे. हे मी तुम्हाला कधी समोर बोलले नाही.

तुम्ही पालकांच्या मीटिंगला आजी-आजोबांनाही बोलवता. त्या दिवशी तुम्ही इंग्लंडच्या एका मुलाची गोष्ट सांगितली, पर्सी नावाचा, १४ वर्षांचा, प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरनं १८९६ मध्ये त्याच्यावर लिहिलं होतं. हुशार मुलगा, खेळात कोणाच्या मागं नाही, आणि सात वर्षं शिकवूनही वाचता येईना. आणि त्याच्या मास्तरनं काय सांगितलं, की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. मीटिंग संपली, सगळे चहा घेत होते, आबाजी उठलेच नाहीत. घरी येताना मेट्रोत कॉटन मार्केट स्टेशन गेल्यावर एकदम म्हणाले, "माझ्या वर्गात एक होता. बैलाच्या नुसत्या चालीवरून सांगायचा कोणत्या पायात काटा आहे. मी त्याला दगड म्हणायचो. चार वर्षं." त्याच्यापुढं काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून आबाजींनी नातवाची पाठ्यपुस्तकं मोबाईलवर रेकॉर्ड करायला घेतली. परिसर अभ्यास, इतिहास, कविता, सगळं. सकाळी पाचला उठून, पंखा बंद करून, म्हणजे आवाज येऊ नये. मे महिन्यात, नागपूरच्या मे महिन्यात मॅडम. तुम्ही सांगितलं होतं नं की वाचन येईपर्यंत याचं बाकी शिक्षण थांबू नये, कानानं जाऊ द्या. ते त्यांनी एकदम मनावर घेतलं. आता तुमच्या सेंटरमधली दुसरी पोरंही त्या रेकॉर्डिंग ऐकतात आणि त्यांना 'पुस्तकवाले आजोबा' म्हणतात, त्याचा त्यांना किती आनंद आहे ते ते कोणाला दाखवत नाहीत.

कागदपत्रांचं तर काय सांगू. स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी, ज्यात डिस्लेक्सियाही येतो, ती २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, जास्तीचा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं त्याच कायद्यात लिहिलेलं आहे, हे मला तुमच्याकडूनच कळलं. सरकारी दाखला आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतो, मग १४ ला परत तपासणी, १८ ला परत, आणि १८ नंतरचा कायमचा, हे तुम्ही माझ्या डायरीत स्वतःच्या हातानं लिहून दिलं. मी घाबरत होते की दिव्यांग हा शब्द पोराला चिकटेल. तुम्ही म्हणालात, आळशी हा शब्द तर आधीच चिकटला आहे, तो काढायला हा कागद लागतो. दाखला मिळवायला चार चकरा झाल्या, दोन वेळा तुम्ही सोबत होत्या, आपला डबा घेऊन, रांगेत. आणि शाळेत माझं कोणी ऐकेना तेव्हा तुम्ही स्वतः गेलात, भांडला नाहीत, वर्गशिक्षिकांना रांगोळीची थाळी देऊन आलात. आता त्याला सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावत नाहीत, आणि परीक्षेत तासामागं २० मिनिटं जास्तीची देतात. त्या शिक्षिका आता मलाच विचारतात की वर्गात अजून एक मुलगी आहे, तिला कुठं पाठवू.

आणि ते तीन महिने जेव्हा ह्यांचं काम बंद होतं आणि मी फी दिली नव्हती, तुम्ही एका शब्दानं विचारलं नाही, उलट मी यायचं बंद करेन म्हणून आधीच फोन केला. हे लिहू नका म्हणाल, पण मी लिहिणार.

तो आता पाचवीत आहे. अजूनही हळू वाचतो. थकला की 'ब' आणि 'व' अजून गडबडतात, इंग्रजीचं तर आता कुठं सुरू झालं. पण तुमच्याकडे येताना टेलिफोन एक्स्चेंजला मेट्रोत बसलो की दाराजवळ उभा राहतो आणि प्रत्येक स्टेशनची पाटी वाचतो. चितारओळी चौक तर त्याचं हक्काचं, मग अग्रसेन चौक, मग दोसर वैश्य चौक, त्यातल्या 'श्य'ला तो दोन आठवडे झगडला, गाडी सुटून जायची आणि तो म्हणायचा, उद्या. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी डब्यातल्या एका अनोळखी काकांनी "शाब्बास" म्हटलं, कारण ते पण रोज ऐकून राहिले होते.

यंदा मारबतीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीला, आबाजी त्याला इतवारीत घेऊन गेले होते, मी पण होते. तुम्ही पाहिलीच असेल ती गर्दी. पिवळी मारबत पुढं गेली, मागून बडगे, म्हणजे टिंगल करणारे मोठे पुतळे, ढोल, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, कोणी कोणाला ऐकू येत नाही. एका बडग्याच्या गळ्यात मोठी पाटी, चांगल्या चार ओळी, रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल होतं काहीतरी. हा थांबला आणि वाचायला लागला. बोट हवेत, आपल्या ओळीच्या खाली. दोन ओळी झाल्या, तिसरीत जोडाक्षर आलं, ओठ हलायला लागले. मी मनात मोजायला लागले आणि बाजूला पाहिलं तर आबाजींचेही ओठ हलत होते, तेही मोजत होते. आम्ही सहावर असताना बडगा पुढं निघाला. आणि मॅडम, जो पोट्टा पुस्तक दिसलं की पळून जायचा, तो त्या पाटीच्या मागं पळाला. चौथी ओळ राहिली होती म्हणून. गर्दीत घुसला, आबाजी काठी घेऊन त्याच्या मागं, मी दोघांच्या मागं, हातातल्या पिशव्या सांभाळत, ओरडत. चौकात सापडला. घामानं भिजलेला. म्हणाला, "आई, झाली वाचून."

शनिवारचा होमवर्क पण झाला आहे मॅडम.

तुमची,
एका पाचवीतल्या मुलाची आई
नंदनवन, नागपूर