सुमे, कुशीवर पोहून बघ

मालवण,
20 नोव्हेंबर

प्रिय सुमे,

तुझं पत्र परवा मिळालं. डावा खांदा दुखावल्यावर ‘आता आपलं पोहणं संपलं गं’ असं लिहिलंस, ते वाचलं आणि हातातलं काम टाकून पडवीत जाऊन बसले. गेल्या वर्षी याच दिवसांत मीही हेच म्हणत होते. तेव्हा तुला फोनवर सगळं सांगितलं नाही, आज सांगते.

श्रावणात परसातल्या विहिरीच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून पाय सटकला आणि अंगाचा सगळा भार उजव्या हातावर आला. हाड शाबूत राहिलं, पण खांद्यातली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, अर्धवट फाटली. सहा आठवडे हात झोळीत. मग फिजिओथेरपी. ओणवं होऊन हात लंबकासारखा लोंबता हलवायचा, भिंतीवर बोटांनी चढायचं. पोलक्यात हात घालतानासुद्धा डोळ्यांत पाणी यायचं. रात्री त्या कुशीवर वळले की जाग. तुझंही तेच चाललंय, माहीत आहे मला.

तेव्हा जलतरणपटू मुरलीकांत पेटकर फार आठवायचे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं बळ गेलं, आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक! त्यांना पायांची साथ नव्हती, म्हणून सगळं हातांवर आणलं. मग एक हात अडला तर आपण पायांवर आणि कमरेवर का नाही आणायचं?

फिजिओथेरपिस्टबाईंनी सांध्याचा प्लॅस्टिकचा नमुना हातात धरून दाखवलं. खांद्याच्या वर हाडाचं छोटं छप्पर असतं, त्याच्याखालून ही कंडरा जाते. हात आत वळवून वर नेला की ती छपराखाली चिमटते. आता आपली फ्रीस्टाइल आठव. अंगठा आधी पाण्यात, आणि हात डोक्यासमोर, मधल्या रेषेच्याही पलीकडे. लहानपणी आपल्याला तसंच शिकवलं होतं. म्हणजे पडायच्या आधीपासूनच प्रत्येक हाताला आपण खांदा घासत होतो, सुमे!

डॉक्टरांनी पाण्यात उतरायला होकार दिल्यावर मी चिवल्याच्या किनाऱ्यावर गेले. सकाळी लवकर, जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो तेव्हा. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की लाटा हाताला हिसके देतात. छातीएवढ्या पाण्यात डाव्या कुशीवर झाले. डावा हात डोक्यापुढे लांब, उजवा मांडीवर. उजवा पाण्यातूनच छातीपर्यंत आणायचा आणि पाणी मागे लोटत परत मांडीपाशी न्यायचा, खांद्याच्या वर न्यायचाच नाही. पाय कात्रीसारखे उघडून मिटायचे आणि मग हलायचं नाही, अंग आपसूक पुढे सरकतं ते सरकू द्यायचं. तोंड पाण्याबाहेर, श्वासाची घाई नाही. जाताना समोर माड, परतताना मोकळा दर्या. पहिल्या दिवशी जेमतेम वीस हात मारले. कळ आली नाही. मी तिथेच उभी राहून रडले.

किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, ‘काय गो बाय, कुशीर पवतंस?’ त्यांच्याकडे बघतानाच मला पुढची गोष्ट कळली. रापण ओढणारे दंडाच्या जोरावर ओढत नाहीत, अख्खं अंग मागे रेलून ओढतात. पोहतानाही ताकद खांद्यातून काढायची नाही, कमरेतून अंग वळवायचं आणि हात त्याच्या मागून न्यायचा.

फ्रीस्टाइल महिनाभराने सुरू केली. आधी फक्त डावा हात. उजवा अंगालगत सोडलेला आणि श्वास उजवीकडे, म्हणजे थांबलेल्या हाताच्या बाजूला. नंतर उजवा पाण्याखालूनच पुढे न्यायला लागले. बाहेरून तो आत्ता कुठे काढते, तोही अंग नीट वळलं असेल तरच. कोपर सैल, बोटं आधी पाण्यात, आणि हात खांद्याच्या समोरच उतरवायचा, मध्ये आणायचा नाही. सरळ हाताने पाणी खाली दाबू नकोस, कोपर पंजापेक्षा वर ठेव.

फळी पुढे धरून पाय मारायचे असं तू लिहिलंस, ते मात्र करू नकोस. हात ताणून फळी धरली की खांदा त्याच कोनात अडकतो. उताणी हो, फळी पोटाशी कवटाळ आणि मग पाय मार. हातात घालायची पॅडल्स माळ्यावर टाक, पायातले फिन्स वापर. आणि पाण्यात टोचणारी कळ आली, बोटांना मुंग्या आल्या किंवा रात्रीचं दुखणं वाढलं, तर त्या दिवशी बाहेर यायचं. मी दोनदा हट्ट केला आणि दोन्ही वेळा पंधरा-पंधरा दिवस घरी बसले.

डिसेंबरात इथे सागरी जलतरण स्पर्धा असते. या वर्षी आपण किनाऱ्यावरून टाळ्या वाजवू, मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही. तू मात्र ये. डॉक्टरांना विचारून, रिपोर्ट घेऊन, अष्टमीच्या आसपास ये, म्हणजे भांगाचं पाणी असेल, ओढ कमी. तुझा डावा खांदा दुखरा, म्हणजे तू उजव्या कुशीवर आणि मी डाव्या. मी तुझ्या डाव्या हाताला राहिले की पोहताना आपली तोंडं समोरासमोर येतील. पत्रात ‘भेटल्यावर सांगते’ म्हणून जे अर्धं सोडलंस, ते तिथेच सांग.

तुझीच,
नंदा