‘एक दिवसाआड गोळी’ची ती चौकट मागे घ्या

संपादक महोदय,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला, नैराश्यावरच्या गोळ्या बंद कशा कराव्यात हा लेख वाचला. लेख टाकाऊ असता तर पत्राचा खटाटोप केला नसता. लेख बरा आहे, म्हणूनच त्याच्या मधोमध बसवलेली चौकट जास्त खुपली. लेख विसरला जातो, चौकट लोक कापून ठेवतात. आणि ही चौकट सांगते काय, तर दोन आठवडे गोळी एक दिवसाआड घ्या, मग आठवड्यातून दोनदा, मग बंद. वा! इतके सोपे असते तर मानसोपचारतज्ज्ञांकडची निम्मी गर्दी ओसरली असती.

एक दिवसाआड म्हणजे कागदावर निम्मा डोस. रक्तात तसे होत नाही. व्हेनलाफॅक्सिन या नैराश्यावरच्या औषधाचे रक्तातले प्रमाण साधारण ५ तासांत निम्मे होते, त्यापासून शरीरात तयार होणाऱ्या सक्रिय घटकाचे ११ तासांत. दोन गोळ्यांत ४८ तासांचे अंतर पडले की पुढच्या गोळीपर्यंत औषध जवळपास संपलेले असते. म्हणजे माणूस दर दोन दिवसांनी औषध सोडतो आणि पुन्हा सुरू करतो. पॅरॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचीही गत फार वेगळी नाही. फ्लुऑक्सेटिन हा अपवाद. नियमित घेणाऱ्यात ते निम्मे व्हायलाच ४ ते ६ दिवस लागतात, त्याच्या सक्रिय घटकाला त्याहून अधिक, त्यामुळे तिथे दिवसाआड चालून जाते. पण त्याचा त्रासही उशिरा, कधी काही आठवड्यांनी सुरू होतो, म्हणून पहिला आठवडा सुखाचा गेला यावर विसंबू नये. आपल्या चौकटीत मात्र सगळी औषधे एकाच माळेचे मणी.

दुसरी गोष्ट डोस आणि परिणाम यांच्या नात्याची. ते सरळ रेषेत जात नाही. सिटॅलोप्रॅम या याच गटातल्या औषधाचे उदाहरण घ्या. मेंदूतले सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायन परत ओढून घेणारी प्रथिने हे औषध अडवते. ४० मिलिग्रॅमला ती सुमारे ८६ टक्के अडतात, २० ला ८०, ९ ला ७०, ५.४ ला ६०. आणि ०.८ मिलिग्रॅम, म्हणजे नुसता कण, तरी २० टक्के! म्हणजे ४० वरून २० वर येताना जेमतेम ६ टक्क्यांचा फरक, आणि शेवटची ५ मिलिग्रॅमची क्षुल्लक वाटणारी अर्धी गोळी सोडली की एकदम साठेक टक्क्यांची घसरण. जिना उतरताना शेवटची पायरीच पुरुषभर उंच निघावी, तसे. त्रास नेमका तिथे होतो, आणि डॉक्टरही कधी कधी म्हणतात, ‘आता इतक्याशा गोळीने काय होणार?’

म्हणून कपात आधीच्या डोसच्या प्रमाणात करायची. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात: सुरुवातीला निम्म्याने, डोस लहान झाला की पावपावने, आणि आधीच्या कपातीचा त्रास शमल्याशिवाय पुढची नाही. गोळीचे तुकडे करता येईनात तेव्हा द्रवरूप औषध मागावे आणि ते चमच्याने न मोजता बिनसुईच्या सिरिंजने मोजावे. सावकाश विरघळणारी गोळी तोडू नये, कुटू तर मुळीच नये; पूर्ण दिवसाचा डोस एकदम अंगात जातो. त्रास असह्य झाला तर मागच्या पायरीवर जावे. आणि हे सगळे डॉक्टरांना सांगून.

आता चौकटीतली शेवटची ओळ, जिच्यामुळे खरा संताप आला: ‘त्रास झाल्यास आजार परतला असे समजावे.’ असे का समजावे? गोळी कमी केल्यावर काही दिवसांतच चक्कर, मळमळ, डोक्यात विजेसारखे झटके, भडक स्वप्ने सुरू झाली आणि डोस पूर्ववत करताच दोन-तीन दिवसांत थांबली, तर तो बहुधा औषध सोडल्याचा त्रास. नैराश्य सहसा आठवड्या-महिन्यांनी, हळूहळू परतते आणि ते डोक्यात झटके देत नाही. हा फरक न कळल्याने माणसे वर्षानुवर्षे गोळीला बांधलेली राहतात.

उलट बाजूचा उत्साहही नको. आजार खरोखर परततोही. २०२१ च्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत औषध सोडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचे नैराश्य वर्षभरात परतले, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचे. आणि सोडताना प्रत्येकाला त्रास होतो असेही नाही. २०२४ च्या एका आढाव्यात औषध सोडलेल्या ३१ टक्क्यांना लक्षणे जाणवली, पण औषध म्हणून दिलेली नुसती साखरेची गोळी सोडलेल्या १७ टक्क्यांनाही जाणवली. तेव्हा सोडताना ‘निम्म्याहून अधिक लोकांना’ त्रास होतो हे लेखातले विधान जरा आवरा.

दुरुस्ती छापावी, आणि चौकटीएवढ्याच आकारात. सातव्या पानाच्या तळाशी चार ओळींत नव्हे.

जाता जाता: हे पत्र छापलेत तर ५.४ आणि ०.८ मधली टिंबे जागेवर ठेवा. मागे याच पुरवणीत क्लोनाझेपाम या चिंता व फिट्स यांवरच्या औषधाचा ०.५ मिलिग्रॅमचा डोस ५ मिलिग्रॅम असा छापला गेला होता. त्याची दुरुस्ती अजून यायची आहे.

आपला,
औषधशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक